विश्रामचं मनगट

शेजाऱ्याचा हेवा सगळेच करतात. भावाचा करतात, साडूचा तर करायलाच हवा, नाहीतर सासुरवाडीला वेळ कसा जायचा? पण सख्ख्या बायकोच्या हाताचा हेवा करणारा माणूस विरळा. असा एक बडोद्याला तरसालीत राहत होता, विश्राम कासार नावाचा. हाताचा म्हणजे हाताच्या चवीचा नव्हे बरं का. शालिनीची आमटी तो ओरपून खायचा आणि वर नावं ठेवायचा, ते सगळेच नवरे करतात. त्याचं दुखणं निराळं होतं, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखंही नव्हतं.

विश्रामचे वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत बदलून आले. प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये विश्राम वाढला, आयटीआय झाला आणि मकरपुऱ्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये लागला. टूलरूम म्हणजे कारखान्याचं देवघर. मापं घ्यायची नाजूक हत्यारं तिथे पेट्यांमध्ये मखमलीवर झोपलेली असतात. त्यातला मायक्रोमीटर म्हणजे घोड्याच्या नालेसारखी एक छोटी चौकट. तिच्या एका टोकातून एक दांडा फिरत फिरत पुढे येतो आणि मधली वस्तू किती जाड ते केसाच्याही बारीक भागापर्यंत सांगतो. दांड्यावरचे आटे इतके बारीक, की तेल सुकलं, गंज धरला, की दांडा रुसून बसतो. तो रुसवा काढायचं काम विश्रामचं.

टूलरूमचे फोरमन पिलाजीराव. जुन्या बडोद्यातले, आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे कामगाराला रागावतानासुद्धा 'आपण' म्हणणारे. सगळ्यांचे प्रयत्न थकले की ते चष्मा काढून म्हणायचे, "विश्रामला बोलवा. मनगट घेऊन या म्हणावं." एवढंच. पण या एका वाक्यावर विश्राम कित्येक वर्षं जगला. अंगाने किरकोळ माणूस, पण ते वाक्य ऐकून आला की दारातून आडवा होऊन शिरायचा.

मग ते दिवस आले, की परदेशी माल येणार, कारखाने सुधारणार, असं पेपरात रोज छापून यायचं. विश्रामच्या कारखान्याने सुधारणा केली ती टूलरूम बंद करून. आकडे दाखवणारी, बटणाची नवी हत्यारं आली, जुनी माणसं आणि जुनी हत्यारं घरी गेली. पिलाजीराव त्याआधीच निवृत्त झाले होते, पुढे वारलेही. विश्रामने तरसालीच्या घराच्या ओसरीवर टेबल मांडलं, त्याला हत्यार घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शेगडा बसवला आणि दुरुस्ती सुरू केली. काम भरपूर होतं. जागोजाग मिल आणि कारखाने बंद पडत होते, त्यांची हत्यारं गोणीत भरून भंगारात जात होती, आणि मकरपुऱ्याचे छोटे लेथवाले ती उचलून विश्रामकडे आणत होते. सगळी अडकलेली. मालकांसारखीच, असं विश्राम म्हणायचा.

आता शालिनीचं सांगतो. शालिनी मथुराबाईंची मुलगी. खंडेराव मार्केटच्या बाहेर मथुराबाईंचं बांगड्यांचं दुकान, दुकान कसलं, एक फळी आणि एक चटई. शालिनी लहानपणापासून त्या चटईवर बसून बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरत आलेली. विश्रामच्या घराण्यातही पूर्वी हाच धंदा होता, पण त्याच्या वडिलांनी रेल्वेचा निळा शर्ट घातला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. विश्रामच्या मते बांगड्या भरणं हे काही काम नव्हे. त्याला मनगट लागतं ते समोरचीचं.

पहिला प्रकार घडला तो असा. जशुभाई नावाच्या लेथवाल्याचा एक मायक्रोमीटर विश्रामच्या हाताला सकाळपासून दाद देत नव्हता. वैतागून तो अंघोळीला गेला. शालिनी कुकरच्या शिट्टीची वाट बघत ओसरीवर आली, टेबलावरचं ते हत्यार उचललं आणि कोमट फडक्यात धरून बसली. बसली ती त्याच्याशी बोलत. "काय गं बाई, कुठल्या मिलची तू? कुणी असं टाकून दिलं तुला?" बांगड्या भरताना मथुराबाई असंच बोलायच्या. बाई माहेरचं सांगायला लागली की तिचा हात ढिला पडतो आणि बांगडी सरकते. आणि दुसरी रीत म्हणजे, बांगडी अडली की पुढे रेटायची नाही, आधी किंचित मागे घ्यायची. शालिनीने दांडा आधी जरासा आवळला, मग सोडला, परत आवळला, परत सोडला. विश्राम टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा दांडा सुरसुर फिरत होता आणि दारात उभा असलेला जशुभाई टाळ्या पिटत होता.

"विश्रामभाई, आ तो शालिनीबेननो हाथ!" जशुभाई म्हणाला, आणि हे त्याने मकरपुऱ्यात घरोघर नव्हे, लेथोलेथ सांगितलं.

झालं. त्या दिवसापासून विश्रामच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याच ओव्याने थांबेना. गिऱ्हाईक यायचं, हत्यार टेबलावर ठेवायचं आणि हळूच म्हणायचं, "बेनने आपजो, हां." बेनला द्या! विश्रामने त्यावर उपाय म्हणून पत्र्याची पाटी रंगवून घेतली, 'विश्राम इन्स्ट्रुमेंट रिपेअर्स', त्यात विश्राम एवढा मोठा की रिपेअर्सला जागा उरेना. लोक त्या पाटीखाली उभे राहून विचारायचे, "शालिनीबेन छे के?"

तो तिला मुद्दाम कठीण हत्यारं द्यायला लागला. गंजून दगड झालेली, पाण्यात पडलेली, कुणीतरी पकडीने आधीच चावलेली. शालिनी मेथी निवडता निवडता ती सोडवायची. मग तो म्हणायचा, "अगं, ही सोपीच होती, मीच आधी ढिली केली होती." शालिनी म्हणायची, "तेच म्हटलं, एवढी पटकन कशी निघाली!" हे ती मनापासून म्हणायची की काय, ते त्याला कळायचं नाही, आणि त्यानेच त्याचा जास्त तिळपापड व्हायचा.

एकदा तर कहर झाला. शालिनी काट्याने माप दाखवणारी एक डायल घेऊन त्याच्याकडे आली. "अहो, ही माझ्याच्यानं होत नाही. तुम्हीच बघा ने." विश्रामची छाती फुगली. त्याने मनगट आवळलं, पीळ दिला आणि डायल पहिल्याच झटक्यात मोकळी झाली. तो हसला. आणि हसता हसता त्याला दिसलं, की फटीत ताजं तेल आहे. तिने आधीच सोडवून पुन्हा हलकेच बसवून आणली होती. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून! त्या दिवशी तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला, आणि ते अगदी खोटं नव्हतं. मारलं असतं तर सोसलं असतं, पण ही दया त्याला सोसवेना.

नवरात्र बसलं होतं. शालिनी सकाळीच खंडेराव मार्केटला गेली होती. सणात बांगड्यांना गर्दी, आईच्या मदतीला जाऊन येताना फुलं आणायची होती, दुपार होणार होती. तेवढ्यात बडोद्यातल्याच अकोट्याहून मोहना आली. पिलाजीरावांची मुलगी. विश्रामने तिला दोन वेण्यांत पाहिलेली, आता ती शाळेत शिकवत होती. तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत मायक्रोमीटर होता, आणि चौकटीवर बारीक कोरलेला 'पि' बघून विश्राम खुर्चीतून उठलाच.

"बाबांचा," मोहना म्हणाली. "अजिबात हलत नाही, काका. बाबा गेल्यापासून आई दर खंडेनवमीला पूजेत मांडते. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, वरून पळीभर पाणी."

विश्रामने दांड्यापाशी नखाने खरवडलं. आट्यांच्या तोंडाशी कुंकू पाण्याने भिजून, गंजात कालवून, विटेसारखं घट्ट बसलं होतं. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पूजेनंतर हत्यार पुसायचं असतं, हे मात्र सांगावं लागतं. माउलीने देव म्हणून पुजलं आणि पुजून पुजून मारलं.

"बाबा म्हणायचे, बंद हत्यार पुजू नये," मोहना सांगत होती. "बंद घड्याळ भिंतीवर ठेवू नये ने, तसं. यंदा आईला ते आठवलंय. चालत नसेल तर मांडणार नाही म्हणते. रडते आणि तेच म्हणते."

"होईल ने! त्यात काय एवढं. ठेव इथे, संध्याकाळी ये."

मोहना उठली, दारात घुटमळली. "काका, राग नका मानू. काकूंना द्याल ने? सगळे म्हणतात, त्यांच्या हातून निघतंच निघतं."

पिलाजीरावांच्या मुलीने हे म्हणावं! विश्रामला कानशिलात बसल्यासारखं झालं. ज्या माणसाने भर टूलरूममध्ये 'मनगट घेऊन या' म्हणावं, त्याची पोर म्हणते काकूंना द्या. तो हसला. कसा हसला ते त्याचं त्याला माहीत. "देतो की. बाजारातून आली की देतो."

मोहनाची रिक्षा वळली आणि विश्रामने ठरवून टाकलं. सगळ्या बडोद्याची हत्यारं शालिनीने सोडवावीत, जशुभाईची सोडवावीत, जशुभाईच्या सासऱ्याची सोडवावीत. पण या एका हत्याराला तिचा हात लागता कामा नये. पिलाजीरावांचा मायक्रोमीटर निघाला तर विश्रामच्या मनगटाने निघेल.

त्याने वाटीत घासलेट घेऊन त्यात तो बुडवला. घासलेटला वेळ द्यावा लागतो, मुरू द्यावं लागतं, हे त्याने स्वतः किती जणांना शिकवलं होतं. पण वेळ कुठे होता? रस्त्यावर रिक्षा थांबली की तो उठून बघायचा, शालिनी आली का. कुणीतरी दुसरंच उतरायचं. दोन-चारदा असं झालं आणि त्याचा धीर सुटला. त्याने मायक्रोमीटर बाहेर काढला, चौकट लाकडाच्या पट्ट्यांत घालून शेगड्यात धरली, दांड्याच्या मुठीला चामडं गुंडाळून पकड लावली.

आणि इथे एक गंमत झाली. त्याचा हात आपोआप आवळायच्या बाजूला वळला. रोज बघून बघून त्या हातालाही कळलं होतं, की अडलेली बांगडी आधी मागे घ्यायची. विश्रामला ते जाणवलं आणि त्याला स्वतःच्याच हाताचा राग आला. ही तिची रीत. चटईवरची, मथुराबाईंची. पिलाजीरावांच्या हत्यारावर बांगड्यांची रीत चालवू? त्याने हात थांबवला, दातांवर दात दाबले आणि सगळ्या मनगटानिशी सरळ सोडायच्या बाजूला पिळला.

कर्रर्र झालं आणि मूठ फिरली.

"निघालं!" तो रिकाम्या घरात ओरडला. "पिलाजीराव, निघालं!" त्याने आणखी फिरवलं. सहज फिरलं. फार सहज फिरलं. लोण्यात चमचा फिरावा तसं. विश्रामचं हसू तिथेच राहिलं. त्याने दांडा बाहेर ओढून काढला तर त्याच्याबरोबर धातूची एक बारीक गुंडाळी आली, कुंकवाने लाल झालेली. आतले आटे सोलून निघाले होते. आता तो मायक्रोमीटर जन्मभर फिरेल, पण खरं माप एकदाही सांगणार नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मत्सर मोठा नग असतो, माणूस तळाला गेला तरी त्याला फावडं आणून देतो. विश्रामच्या मनात पहिला विचार पिलाजीरावांचा आला नाही, त्यांच्या रडणाऱ्या बायकोचाही नाही. विचार आला तो असा, की हे असंच शालिनीच्या हातात द्यावं. मोहनाने तुझ्यासाठी ठेवलंय म्हणावं. एकदा तरी लोकांना कळू दे, की शालिनीच्या हातूनही निघत नाही. त्याने दांडा परत आत ठेवला, रुमालाची तशीच पुरचुंडी बांधली आणि टेबलाच्या शालिनीच्या बाजूला सरकवली.

शालिनी आली ती घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या, वर झेंडूचा ढीग. "अहो, मोहना येऊन गेली का? वळणावर दिसली म्हणून जशुभाई सांगत होते."

"आली होती. साहेबांचा मायक्रोमीटर आहे. तुलाच द्यायला सांगितलंय." शेवटचं वाक्य त्याने भिंतीकडे बघून म्हटलं.

शालिनीने हात पुसले, पुरचुंडी सोडली आणि मूठ एकदा फिरवली. एकदाच. मग तिने शेगड्याकडे पाहिलं, पट्ट्यांवर कुंकू होतं. पकडीतल्या चामड्याकडे पाहिलं, त्यावर कुंकू होतं. नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, तोही लाल. विश्रामने हात पाठीमागे नेला. आत जाऊन तिने चहा टाकला आणि त्याचा कप रोजच्यासारखा त्याच्यापुढे आणून ठेवला.

संध्याकाळी मोहना आली. चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "काकू, निघालं?"

"मोहना, बस जरा," शालिनी म्हणाली. "माझ्या हातून गेलं गं. घाई झाली माझी. आटे तुटले. तुझ्या आईला काय सांगू, मला तोंड नाही."

विश्राम दाराच्या कडेला उभा होता. त्याला हवं होतं ते घडत होतं, त्याला सांगावंसुद्धा लागलं नव्हतं. शालिनीच्या हातून निघालं नाही, हे ती स्वतःच्या तोंडाने कबूल करत होती. त्याचा ऊर निवायला हवा होता.

मोहनाने रुमालातलं हत्यार पाहिलं. तिचे डोळे भरले. मग तिने शालिनीच्या हातावर हात ठेवला. "असू दे काकू. तुमच्या हातून निघालं नाही, म्हणजे ते कुणाच्याच हातून निघण्यासारखं नव्हतं."

विश्रामच्या डोक्यात कुणीतरी घण घातला. सोडवलं तर तिचं नाव. मोडलं तरी तिचंच नाव! मोडूनसुद्धा ही बाई वर चढली!

"मी तोडलं!" तो ओरडला. दोघी दचकल्या. "तिने हातसुद्धा लावलेला नाही. ती बाजारात होती. मी तोडलं, माझ्या मनगटाने तोडलं. साहेबांच्या हत्याराला माझा हात लागलाय. माझा!" आणि हे असं छाती ठोकून सांगता सांगता तो रडायला लागला.

मोहना उभी राहिली. "काका, मी तुम्हाला काय सांगून गेले होते?"

"काकूला द्या म्हणाली होतीस."

"मग?"

या प्रश्नाला विश्रामकडे उत्तर होतं, पण ते पिलाजीरावांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. मोहनाने रुमाल पुन्हा हत्यारावर टाकला. "हे घरी नेऊन काय करू?" ती म्हणाली. "आई बंद हत्यार मांडणार नाही, आणि मला टाकवणार नाही. राहू दे इथेच." ती चप्पल घालून निघून गेली आणि अकोट्याहून त्यांच्याकडे पुन्हा कुणी आलं नाही.

ती गेल्यावर शालिनी म्हणाली, "मी घेतलं होतं ने अंगावर? मग तुम्हाला काय गरज होती मध्ये पडायची?"

"तेही तूच घेणार?" विश्राम डोळे पुसत म्हणाला. "निघालं तर तुझं, मोडलं तर तुझं. मग या ओसरीवर माझं म्हणून काय आहे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा शालिनीने त्याची समजूत घातली नाही. चुचकारलं नाही, हसून वेळ मारून नेली नाही. तिने रुमालासकट तो मायक्रोमीटर उचलला आणि टेबलाच्या त्याच्या बाजूला, त्याच्या अगदी पुढ्यात ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "हे तुमचं."

आता कुणी विचारेल, हेवा गेला का? छे! हेवा काय सर्दी आहे जायला? गिऱ्हाइकं अजूनही बेनला विचारतात, विश्राम अजूनही "आहे, बसा" म्हणतो आणि पोटाशी हात नेतो. फक्त ती मोठ्या अक्षरांची पाटी पावसात रंग गेल्यावर त्याने पुन्हा रंगवली नाही. खंडेनवमीला शालिनी सगळी हत्यारं मांडते, कुंकू मात्र पेटीच्या झाकणाला लावते, पाणी लांबूनच. ओसरीवरच्या फळीच्या टोकाला पिलाजीरावांचा मायक्रोमीटर असतो. बंद हत्यार पुजू नये, हे कोणाचं वाक्य ते विश्रामला चांगलं ठाऊक आहे. तरी तो उठून त्याला कुंकू लावतो, थेट आट्यांवर.

एखादं नवं गिऱ्हाईक फळीवरून तो उचलतं, मूठ फिरवून बघतं आणि म्हणतं, "विश्रामभाई, आ बगडेलुं छे, बेनने आपो ने." विश्राम त्याच्या हातातून तो काढून घेतो, शर्टाला पुसतो आणि जागेवर ठेवतो. शालिनी रोज सकाळी ती फळी झटकते. टोकापर्यंत येते, त्याच्या भोवतीनं फडकं फिरवते, आणि त्याला हात लावत नाही.